अक्काचा पहिला गिअर

गिअरमामांना गाडी चालवता येत नव्हती. ही गोष्ट ते लपवत नसत, पण कोणी विचारल्याशिवाय सांगतही नसत. बसगाड्यांच्या वर्कशॉपात त्यांनी एकतीस वर्षं गिअरबॉक्स दुरुस्त केले, पण स्टिअरिंगमागे म्हणून कधी बसले नाहीत. लोकांना हे ऐकून हसू यायचं. मामांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. "दातांचा डॉक्टर काय लोकांच्या घरी जेवायला जातो?" असं ते विचारत, आणि समोरचा काढता पाय घेई, कारण उत्तर द्यायचं म्हणजे आणखी अर्धा तास तिथे उभं राहायचं.

वर्कशॉपात त्यांचं टेबल खिडकीपाशी होतं. ट्रॉलीवरून पेटी यायची. मामा झाकण काढायचे, चक्रांचे दात बोटाने चाचपायचे, झिजलेलं बेअरिंग ठोकून काढून नवं बसवायचे. मग स्क्रूड्रायव्हर आत घालून काटे सरकवून बघायचे. पहिला पडतो, दुसरा पडतो, रिव्हर्स पडतो. सगळे पडले की झाकण बंद, खडूने बरोबरची खूण, आणि पेटी पुढच्या माणसाकडे. ती कोणत्या गाडीत बसली, कोणाच्या हाताखाली आली, कुठला चढ चढली, याची विचारपूस त्यांनी कधी केली नाही. इंजिनवाल्यांची टेबलं पलीकडे होती, त्यांच्याशी ओळख चहापुरती. पुरी गाडी अशी मामांच्या वाट्याला कधी आलीच नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले, "यांच्यामुळे आपल्या गाड्या धावल्या." मामांना मनातून वाटलं, धावल्या असतील बुवा, मी काही बघितल्या नाहीत.

निवृत्तीनंतर दोन वर्षं त्यांनी घरातली सगळी कुलपं, बिजागऱ्या आणि मामींचं शिवणयंत्र इतक्या वेळा खोलून जोडलं, की मामींनी शेवटी हात जोडले. मामी पडवीत बसून लोकांचे कपडे शिवत. यंत्र चांगलं चाललेलं असलं की मामा अस्वस्थ व्हायचे आणि जरा कुरकुरलं की त्यांचा चेहरा फुलायचा. अशा माणसाला घरात सांभाळणं सोपं नसतं. मामी ते काम तीसेक वर्षं बिनतक्रार, म्हणजे रोज तक्रार करत, करत आल्या होत्या.

आणि मग अक्काची गाडी मेली.

अक्का म्हणजे मामांची थोरली बहीण. वय बाहत्तर, आवाज बत्तिशीतला. नवरा गेल्यापासून ती डोंगरावरच्या घरात एकटी राहायची आणि मधमाश्या पाळायची. तिच्याकडे एक जुना पिकअप होता, चारही चाकांना जोर मिळणारा, उंच, चौकोनी, रंग उडालेला. वरचा रस्ता म्हणजे दगडगोट्यांचा आणि अंगावर येणारा चढ. साध्या गाड्या पायथ्यालाच माना टाकत. अक्का मात्र छत्तीस वर्षं त्या पिकअपमधून मधाच्या पेट्या खाली आणत होती आणि साखर, पीठ, औषधं वर नेत होती. एक दिवस बाजारात येताना रेडिएटर गळून गेला, पाणी संपलेलं तिला कळलं नाही, आणि इंजिनच्या ब्लॉकला बोट जाईल एवढा तडा गेला. दोरी बांधून गाडी मामांच्या अंगणात आणली. मागोमाग अक्का आली, हातात एक पिशवी, आणि म्हणाली, "दोन दिवसांत करून दे."

दोन दिवसांचे दोन आठवडे झाले, तेव्हा तिचा मुलगा आला. तो लांब शहरात नोकरीला होता. स्वभावाने गरीब, पण आईच्या काळजीने पार वाळून गेलेला. त्याने घरातली एक खोली आईसाठी रिकामी करून ठेवली होती. पडदेसुद्धा लावले होते.

"आई, देवानेच गाडी बंद पाडली असं समज," तो म्हणाला. "बाहत्तर वर्षं झाली तुला. वर एकटी राहतेस, आणि तो रस्ता. रात्री फोन वाजला की मी ताडकन उठून बसतो."

"फोन बंद ठेवत जा," अक्का म्हणाली.

बरीच वादावादी झाली. मामींनी दोनदा चहा केला. शेवटी भाच्याने मधला मार्ग काढला. "पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत गाडी चालू झाली, आणि माझ्यासमोर तू ती स्वतः वर नेलीस, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही तर माझ्याकडे यायचं. कायमचं."

अक्काने मामांकडे बघितलं. मामांनी आयुष्यात इंजिनला हात लावला नव्हता. ते म्हणाले, "होईल."

दुसऱ्या दिवशी ते भंगारच्या आवारात गेले. तिथे मालवाहतुकीचा एक छोटा ट्रक पडला होता. केबिन चेपलेली, पण इंजिन शाबूत. भंगारवाल्याने बॅटरी लावून ते चालू करून दाखवलं. मामांना इंजिनमधलं फारसं कळत नव्हतं, पण त्याच्या मागे लटकलेली पाच गिअरांची पेटी बघून त्यांचे डोळे चमकले. अशाच पेट्या त्यांनी शेकड्यांनी उघडल्या होत्या. जुन्या पेटीचं तोंड या इंजिनाला बसणार नव्हतंच, त्यामुळे घ्यायचं तर जोडीनेच घ्यायला हवं होतं. मामांनी जोडी घेतली. इंजिन पाहुणं असलं तरी पेटी घरचीच आहे, असं त्यांना वाटलं आणि धीर आला.

मग अंगणात काम सुरू झालं. दोन जाड खांब आडव्या तुळईने जोडून तिला साखळीची पुली टांगली. बोनेट काढलं, जुनं इंजिन वर उचललं, आणि ते गाडीच्या पोटातून बाहेर येताना अक्का खुर्चीतून उठून उभी राहिली. "चांगलं वागलं बिचारं," ती म्हणाली. मग परत बसली आणि मामांना साखळी कशी ओढायची ते शिकवायला लागली.

ती खुर्ची हा या कामातला एक भागच होऊन बसला. सकाळी सातला अक्का ती फाटकाजवळच्या उन्हात ठेवायची, दहाला पडवीच्या सावलीत आणायची. पान्यांचा डबा तिच्या मांडीवर असे. मामा गाडीखालून हात बाहेर काढत, "सतराचा," म्हणत, अक्का एकोणीसचा देई, आणि भांडण सुरू होई. ही दोघं भावंडं अक्काचं लग्न झाल्यापासून एका छपराखाली राहिली नव्हती. पन्नास वर्षांत भेटली ती बारशाला, लग्नाला आणि मयताला. आता रोज भांडायला मिळत होतं. मामांना इतकं बरं वाटत होतं, की कधी कधी नट घट्ट झालेला असूनही ते उगाच गाडीखाली पडून राहत आणि अक्काचं बोलणं ऐकत.

अडचणी काय, पावलोपावली होत्या. नवं इंजिन पुढच्या आसावर टेकायला लागलं, म्हणून दोन बोटं वर बसवावं लागलं. वर बसवलं तर बोनेट लागेना. मामांनी बोनेटला भोक पाडलं आणि मामींचं जुनं स्टीलचं पातेलं उपडं करून त्यावर वेल्डिंग करून घेतलं. मामींनी आठ दिवस त्या पातेल्याचं सुतक पाळलं. अक्का मात्र खूश झाली. "टोपी शोभते तिला," ती म्हणाली.

पण खरी गंमत प्रोपेलर शाफ्टची झाली. हा म्हणजे पेटीतला जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब लोखंडी दांडा. नवी पेटी जुनीपेक्षा लांब, त्यामुळे दांडा कापून आखूड करायचा होता. मामांचं पेटीतलं माप केसभरही चुकत नसे, पण पेटीबाहेर आले की त्यांच्या टेपवरची बोटं गोंधळत. म्हणून माप मामींनी घेतलं. गळ्यातली शिवणकामाची टेप काढली, गाडीखाली वाकल्या, दोनदा मोजलं आणि चिठ्ठीवर आकडा लिहिला. लेथवाल्याने त्या आकड्यावर दांडा कापून दिला. मामा बसवायला गेले, तर दांडा इंचभर लांब. ठोकला, ढकलला, शिव्या दिल्या, बसेना.

"अगं, हे माप कसं घेतलंस?"

"बरोबर घेतलं. चोवीस भरलं, पंचवीस लिहिलं."

"पंचवीस का लिहिलं?"

"इंचभर मार्जिन नको?" मामी म्हणाल्या. "उद्या घट्ट झालं तर उसवून सैल कशातून करणार?"

मामा कपाळाला हात लावून खाली बसले. "लोखंड आहे ते! लोखंड उसवतात का?"

"मला काय माहीत? तुम्ही म्हणालात माप घे. मी आजवर मार्जिन सोडल्याशिवाय कोणाचं काही कापलेलं नाही."

अक्का खुर्चीत इतकी हसली, की पान्यांचा डबा मांडीवरून पडला. लेथवाला गावाला गेलेला, त्यामुळे दांडा परत कापून यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत करण्यासारखं काही नव्हतं. तिघं पडवीत बसून गप्पा मारत राहिली. अक्काने मधमाश्यांच्या राणीच्या भानगडी सांगितल्या, मामींनी गिऱ्हाइकांच्या. चौथ्या दिवशी दांडा आला, तेव्हा मामांना अगदी स्पष्ट कळलं, की तो आणखी चार दिवस आला नसता तरी त्यांना चाललं असतं. त्यांना स्वतःचा रागच आला. अक्काला तिच्या घरी पोचवायचं म्हणून हे सगळं चाललं होतं, आणि यांना ती इथेच हवी होती. त्यांनी मुकाट्याने दांडा बसवला. या वेळी बसला.

चाकं जमिनीपासून वर उचलून मामांनी गाडी चालू करून बघितली. इंजिन खोकलं, काळा धूर निघाला, आणि मग एकसारखा आवाज लागला. मामा दारातून आत वाकले, एका हाताने क्लच दाबला आणि दुसऱ्या हाताने लिव्हर धरून एकेक गिअर टाकून बघितला. पाचही पडले, रिव्हर्सही पडला. त्यांनी खिशातून खडू काढला आणि दरवाजावर बरोबरची खूण केली.

ठरल्याप्रमाणे रविवारी भाचा आला. महिना संपायला अजून एक आठवडा होता. आधी अंगणात चालवून बघू, मग वर जाऊ, असं ठरलं. अक्का केस चापूनचोपून बांधून आली, पायरीवर पाय ठेवून एका झटक्यात सीटवर बसली आणि पुढे फाटकाकडे बघितलं. लिव्हरकडे तिने बघितलंही नाही. छत्तीस वर्षं बघितलं नव्हतं. हात गेला, गिअर पडला, क्लच सुटला.

गाडी मागे गेली.

साधी नाही, उसळी मारून गेली. मामींचा कपडे वाळत घालायचा खांब मोडला, गिऱ्हाइकांचे धुतलेले कपडे गाडीच्या टपावर आले, आणि मागचा हौदा भिंतीवर आदळून गाडी बंद पडली. भाचा भिंतीपासून दोन हातांवर उभा होता. त्याला काही लागलं नाही, पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

मग भाचा हळू आवाजात म्हणाला, "आई, खाली उतर." तो चिडला असता तर बरं झालं असतं. "मामा, तुम्ही खूप केलंत. पण बघितलंत ना? तिचा दोष नाही. वय होतं माणसाचं."

अक्का खाली उतरली. ती भांडली नाही. तिने आपला डावा हात वर धरला, उलटासुलटा करून बघितला, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता. "पहिलाच टाकला होता रे मी," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "टाकला होता असं वाटलं मला." आणि आत जाऊन पिशवी भरायला लागली.

इतक्या दिवसांत अक्का गप्प बसलेली त्यांनी पहिल्यांदा बघितली. ते गाडीपाशी गेले. पेटी उघडून बघावी की काय, काटा अडकला की काय, काही सुचेना. शेवटी ते दार उघडून आत चढले आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा. पुढे बघितलं, अक्कासारखं. न बघता लिव्हरवर हात ठेवला. छत्तीस वर्षं अक्का पहिल्यासाठी हात कुठे नेत असेल? जुन्या पेटीत पहिला होता डावीकडे वर. या पेटीत तिथे रिव्हर्स होता. पहिला डावीकडे खाली.

हे मामांना माहीत नव्हतं असं नाही. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. पण त्यांच्या टेबलावर पेटीला ड्रायव्हर नसे. स्क्रूड्रायव्हरने काटा सरकवायचा, पहिला म्हणजे पहिला, तो कोणाच्या हाताला कुठे लागतो हा प्रश्नच एकतीस वर्षांत आला नव्हता. दुसरा कोणीही मेकॅनिक, अगदी शिकाऊसुद्धा, गाडी फिरवून बघताना पहिल्या मिनिटात अक्काला म्हणाला असता, "बाई, गिअर वेगळे आहेत, सांभाळा." मामांनी फक्त खडूने खूण केली होती.

ते तसेच तिरमिरीत घरात गेले. "अक्का, पिशवी ठेव खाली. चूक माझी आहे."

भाच्याला वाटलं, मामा बहिणीला पाठीशी घालताहेत. मामांनी मामींच्या कापडाच्या खडूने फरशीवर दोन चौकटी काढल्या, एक जुन्या पेटीची, एक नव्या पेटीची, आणि प्रत्येकीत गिअर लिहिले. "हिचा हात बरोबर जागी गेला. जागाच मी बदलली, आणि सांगितलं नाही. गाढव मी आहे."

भाच्याने फरशीवर वाकून दोन्ही चौकटींवरून बोट फिरवलं. तो समजूतदार होता, पण घाबरलेलाही होता. "पटलं," तो म्हणाला. "पण मग आईला नवं शिकावं लागणार. या वयात, त्या चढावर, एका बाजूला दरी असताना. पुढच्या रविवारी येतो, मामा. महिनाअखेर आहे. तिथे हात चुकला तर मागे भिंत नाही."

सोमवार आणि मंगळवार अक्काने अंगणात सराव केला. गाडी बंद ठेवून नुसता हात. नऊ वेळा बरोबर जाई, दहाव्या वेळी बोलता बोलता जुन्या सवयीने वर. तिने स्वतःच मान हलवली. "डोक्याला कळतंय. हाताला सांगायला जाते तोवर तो गेलेला असतो. त्या चढावर नऊला काही किंमत नाही रे."

मामी पडवीत कोणाच्या तरी कुर्त्याची बाही उसवत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "वन्संना कशाला बदलताय? माझ्याकडे गिऱ्हाईक आलं, बाही तोकडी झाली म्हणालं, तर मी काय त्याचा हात कापते?"

मामांनी चमकून मामींकडे बघितलं. मग उठले आणि थेट गाडीखाली गेले.

ज्या ट्रकमधून ही जोडी आली होती, त्यात ड्रायव्हर इंजिनच्या वर बसायचा, त्यामुळे लिव्हर पेटीत सरळ उतरत नव्हती, दोन कांड्यांनी जोडलेली होती. एक कांडी पुढे-मागे सरकणारी, एक डावी-उजवी. मामांनी पुढे-मागेवाली कांडी मधोमध कापली. तिथे एक आडवी पट्टी बसवली, मध्यावर खिळलेली, मुलांच्या खेळातल्या फळीसारखी: एक टोक पुढे गेलं की दुसरं मागे. आता हात वर गेला की पेटीत काटा खाली जाई. पहिला आला अक्काच्या जागी, डावीकडे वर. रिव्हर्स गेला त्याच्या बरोब्बर खाली. तिथे जुन्या पेटीत दुसरा होता, म्हणजे दुसरा टाकायला गेलं की हात रिव्हर्सवर. त्यासाठी मामांनी एक कुलूप केलं. लिव्हरच्या गळ्यातली कडी वर उचलल्याशिवाय रिव्हर्स पडायचाच नाही. शिवाय एक स्प्रिंग लावली, जी पहिल्यातून सुटलेली लिव्हर आपोआप जराशी उजवीकडे ढकलायची, म्हणजे हात नुसता खाली ओढला की दुसराच. तिसरा-चौथा थोडे सरकले होते, पण त्या चढावर त्यांना विचारतो कोण.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. मामा शीळ घालत होते. हे त्यांचं राज्य होतं. पट्टी दोनदा केली, कारण पहिली अंगठ्याच्या नखाएवढी ढिली वाजत होती. कडी चार वेळा घासली, अक्काच्या बोटांच्या मापाने. आणि शनिवारी त्यांनी अक्काला सीटवर बसवलं, शेजारी स्वतः बसले आणि मुद्दाम तिच्या धाकट्या नणदेचा विषय काढला. त्या विषयावर अक्का रंगली, की तिला जगाचं भान राहत नसे. बोलता बोलता तिने पन्नास वेळा गिअर टाकले. पन्नास वेळा पहिला पडला. पन्नास वेळा दुसरा. तिला कळलंही नाही की परीक्षा चालू आहे.

"झालं?" ती मध्येच थांबून म्हणाली.

"झालं," मामा म्हणाले, आणि खाली उतरून तिच्या बाजूचं दार उघडलं. "जा बाई आता तुझ्या घरी."

रविवारी भाचा पुढे आईशेजारी बसला. मामा मागे हौद्यात, साखर आणि पिठाच्या पोत्यांना टेकून. मामी फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "वन्सं, उन्हाळ्यात या," आणि पदराने डोळे पुसत आत गेल्या, कारण कुर्ता द्यायचा होता.

पायथ्याला अक्काने चारही चाकं जोडली आणि रस्ता सुरू झाला. मामा मागच्या काचेतून बघत होते. रस्त्याकडे नाही, दरीकडे नाही, फक्त अक्काच्या हाताकडे. प्रत्येक दगडाबरोबर त्यांची पाठ पोत्यावर आपटत होती, आणि खाली, त्यांच्या बुडाखाली, ती पेटी चालली होती. दात दातात बसत होते, जोर घेत होते, सोडत होते. एकतीस वर्षांत बंद केलेल्या सगळ्या पेट्या असंच काहीतरी करत असणार, हे त्यांना साठाव्या वर्षी पहिल्यांदा कळत होतं. बसायला काहीच हरकत नव्हती एखाद्या बसमध्ये, नीट कान देऊन, त्यांना वाटलं. प्रवासात उगाच झोपत राहिलो.

सगळ्यात उभ्या चढावर, जिथे रस्ता वळतो आणि एका बाजूला काहीच नाही, तिथे भाचा म्हणाला, "आई, थांबव."

अक्काने थांबवली. हँडब्रेक ओढला.

"आता इथून काढ."

त्याला आई हरायला नको होती, पण त्याला खात्री हवी होती. मामांनी पोत्याचा कोपरा मुठीत घट्ट धरला. अक्का समोर बघत होती. "तुझ्या बायकोला सांग," ती मुलाला म्हणाली, "ते पडदे उतरवून ठेव म्हणावं, धूळ बसते." आणि बोलता बोलता हात गेला. डावीकडे वर. क्लच सुटला. चाकांनी एकदा माती फेकली, आणि गाडी पुढे निघाली.

घरासमोर पोचल्यावर भाच्याने पोती उतरवली, पाण्याची टाकी बघितली, कड्याकोयंडे हलवून बघितले. त्या विषयावर तो चकार शब्द बोलला नाही. शब्दाचा पक्का निघाला. अक्काने घाईघाईने चहा दिला आणि दोघांना अक्षरशः हाकललं, कारण तिला माश्या बघायच्या होत्या. निघताना तिने मामांच्या खांद्यावर एक धपाटा घातला. "पातेलं परत मिळणार नाही म्हणून सांग तिला."

भाच्याची गाडी पायथ्याला होती. मामा-भाचे चालत उतरायला लागले. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. भाचा खाली बघून चालत होता.

"तिथे चुकली असती तर?" तो एकदम म्हणाला.

"चुकली असती तर मी मागे होतो," मामा म्हणाले. त्याला काय अर्थ होता, हे त्यांनाही माहीत नव्हतं, पण भाच्याने मान हलवली.

तेवढ्यात वरून आवाज आला. इंजिन चालू झालं होतं. दोघं थांबले.

"पहिला," मामा म्हणाले. आवाज चढत गेला, क्षणभर तुटला. "दुसरा." आवाज डोंगराच्या पलीकडच्या अंगाला जायला लागला, बारीक होत गेला.

भाचा कपाळाला आठ्या घालून वर बघत होता. "आत्ता तर पोचली ना! आता कुठे निघाली ही?"

मामांनी कान तिकडेच ठेवला होता. त्यांचा चेहरा फुलला होता.

"कुठेही जाईल," ते म्हणाले. "तुला विचारून जाणार आहे का?"